तालुक्याच्या गावात क्लबची साप्ताहिक जेवण-सभा: नव्या सेक्रेटरीसाठी

रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहणाला हार पडतात, फोटो निघतात, आणि पुढच्याच आठवड्यात नव्या सेक्रेटरीच्या लक्षात येतं की वर्षभर दर आठवड्याला पंचवीसेक माणसं गोळा करून, त्यांना जेवू घालून, एक वक्ता ऐकवून वेळेत कामाला परत पाठवायचं हे आता आपल्याच गळ्यात आहे. नागपूर-अमरावतीच्या हॉटेलात यातलं अर्धं काम तिथला मॅनेजर करतो. वरूड, दारव्हा, मूल, मेहकर अशा ठिकाणी आचाऱ्यापासून बिछायतवाल्यापर्यंत सगळ्यांना फोन तुम्हालाच लावावा लागतो.

या सभेचं सगळं गणित घड्याळावर आहे. लायन्सचे संस्थापक मेल्विन जोन्स हे शिकागोतले विमा व्यावसायिक. ते ज्या व्यापारी मंडळात होते ते दुपारच्या जेवणाला जमायचं, आणि तिथूनच १९१७ मध्ये लायन्स उभं राहिलं. कामाच्या दिवशी, कामाच्या मधल्या सुटीत भेटायचं, हा त्यातला मुद्दा. तुमच्याकडचा डॉक्टर ओपीडी सोडून येतो, कृषी केंद्रवाला गल्ल्यावर पोराला बसवून येतो. त्याला सव्वादोनला मोकळं केलं तर तो पुढच्या आठवड्यात येईल. पावणेतीन वाजवले तर तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा फोन लागणार नाही.

१. वार आणि वेळ ठरवा

पहिला नियम, आठवडी बाजाराचा वार सोडा. त्या दिवशी व्यापारी सदस्य दुकानातून हलत नाही आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. शेजारच्या मोठ्या गावचा बाजारही बघा, कारण काही सदस्यांची दुकानं तिकडे लागतात.

शुक्रवार दिसायला चांगला, पण राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. अप-डाऊन करणारे अधिकारी, प्राध्यापक शुक्रवारी दुपारपासूनच नागपूरच्या गाडीकडे डोळे लावून असतात. शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक ठिकाणी सकाळच्या असतात, म्हणून शिक्षक सदस्य जास्त असतील तर शनिवार जमतो. मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, तेव्हा बँकवाले गावात नसतात. वकील असतील तर कोर्टाची मधली सुटी किती वाजता होते ते विचारून घ्या. ओपीडी आवरायला डॉक्टरांना एक-सव्वा वाजतो. हे सगळं जुळवून बघितलं तर बहुतेक गावांत मंगळवार ते गुरुवारमधला एक वार आणि सव्वा ते सव्वादोन ही वेळ उरते.

वर्षाचं वेळापत्रक जुलैतच काढा आणि त्यात हे आडवे दिवस आधीच खोडून ठेवा:

- मृगाच्या आसपासचे पंधरा दिवस. कृषी केंद्र चालवणारा सदस्य तेव्हा स्वतःच्या घरी जेवायला जात नाही, तुमच्याकडे कुठून येणार.
- भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. जेवणाच्या दिवशी एकेकाला चार-चार घरची आमंत्रणं असतात. त्या आठवड्यात फक्त सभा घ्या, नाहीतर सरळ सुटी द्या.
- पोळा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा.
- कापूस जोरात यायला लागला की जिनिंगवाले सदस्य गैरहजर राहणार. त्यांच्यावर त्या महिन्यात जबाबदारी टाकू नका.
- एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दुपार बंद. पारा ४५ अंशांच्या घरात असताना दीड वाजता माणसाला रस्त्यावर काढणं हा शहाणपणा नाही. त्या काळात सभा सकाळी आठला नाश्त्यावर घ्या. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला म्हणून लगेच दुपारी वळू नका, एक चांगला पाऊस पडू द्या.

वेळ बदलायची तर हंगामासाठी एकदाच बदला. या आठवड्यात दुपारी, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी, असं केलं की कुणालाच काही लक्षात राहत नाही.

दर आठवड्याला झेपत नसेल तर ओढाताण करू नका. रोटरीने २०१६ मध्ये नियम सैल केले, महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. नीट झालेल्या दोन सभा फरफटत घेतलेल्या चारांपेक्षा बऱ्या. फक्त कोणते आठवडे ते पक्कं ठेवा, 'पहिला आणि तिसरा बुधवार' असं.

२. जागा

पंचवीस-तीस माणसं, हात धुवायला दोन नळ, दुचाकी-चारचाकी लावायला सावली आणि बोललेलं ऐकू येईल इतकी शांतता. एवढंच लागतं, पण चारही एकत्र मिळणं कठीण.

मंगल कार्यालयाचा छोटा हॉल सोयीचा असतो, कारण भांडी आणि चुलाण तिथेच. अडचण लग्नसराईत येते. मालक तोंडी 'हो' म्हणतो आणि आदल्या दिवशी फोन येतो, 'भाऊ, उद्या साक्षगंध (साखरपुडा) आलं.' म्हणून पंचांगातल्या लग्नतिथी बघून त्या आठवड्यांपुरती दुसरी जागा आधीच बोलून ठेवा. शासकीय विश्रामगृह मिळत असेल तर लेखी परवानगी घ्या, पण मंत्र्याचा दौरा लागला की ती गेली असं समजूनच चाला. शाळेचा हॉल स्वस्त, पण मधल्या सुटीचा गोंगाट नेमका वक्त्याच्या वेळेला येतो. घंटेची वेळ मुख्याध्यापकांना विचारा. बारला लागून असलेलं हॉटेल टाळाच. महिला सदस्य कारण न सांगता येणं बंद करतात.

कुलरबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडचा मोठा पत्र्याचा कुलर हॉल गार करतो आणि वक्त्याला गिळून टाकतो. सभेच्या अर्धा तास आधी तो पूर्ण वेगात चालवा, वक्ता उभा राहिला की पंप चालू ठेवून पंखा कमी करा. लाईन गेली तर इनव्हर्टरवर पंखे चालतात, प्रोजेक्टर बहुधा चालत नाही. वक्त्याला ही कल्पना आधी द्या, म्हणजे तो स्लाइडवर अवलंबून राहणार नाही.

३. ताटांची संख्या

जेवणाचा निम्मा बिघाड इथे होतो. रीत अशी ठेवा: आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला ग्रुपवर संदेश, रात्री नऊपर्यंत 'येतो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर. नऊनंतर तुम्ही आचाऱ्याला आकडा देता आणि तो पक्का.

ग्रुपवर अंगठे मोजून आकडा काढू नका. अंगठा म्हणजे 'वाचलं', 'येतो' नव्हे. उत्तर न देणाऱ्यांतले काही जण येतातच. म्हणून पहिले दोन महिने एका वहीत दोन आकडे लिहा, किती जणांनी हो म्हटलं आणि प्रत्यक्ष किती ताटं उठली. तुमच्या क्लबचा फरक त्यातून कळतो. तोवर 'हो' म्हणणाऱ्यांवर दहात एक ताट वाढीव धरा.

आचाऱ्याशी किमान ताटांची हमी ठरते. अठराची हमी दिली आणि चौदा आले तरी पैसे अठराचेच जातात. चार ताटांचे पैसे कोणी भरायचे? 'येतो' म्हणून न आलेल्याने. हा नियम जुलैच्या पहिल्या सभेत ठराव करून घ्या. ऑगस्टमध्ये घ्यायला गेलात तर तो कुणा एकाविरुद्ध आहे असं वाटतं.

४. स्वयंपाक

रोजच्या घरच्यासारखं, चार पदार्थांचं जेवण ठेवा. साधं वरण-भात, पोळी, एक रस्सा भाजी, ठेचा-कांदा-लिंबू, ताक. दर आठवड्याला गोड नको. महिन्यातल्या शेवटच्या सभेला त्या महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचं मिळून एक गोड पुरे.

पंचवीस ताटांचा अंदाज असा:

- कणीक ३ किलो. मध्यम आकाराच्या नव्वदेक पोळ्या होतात, भात असताना माणशी तीन-साडेतीन पुरतात.
- तांदूळ २ किलो, तूरडाळ १ किलो.
- वांगी अडीच किलो आणि आलू १ किलो, किंवा कोणतीही भाजी साफ केल्यावर साडेतीन किलो.
- मठ्ठ्याला दही अडीच किलो, तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी.
- लिंबं १३, कांदे दीड किलो, सांबार (कोथिंबीर) दोन जुड्या.
- पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार. हिवाळ्यात एकातही भागतं, पण दुसरा भरलेला असू द्या.

पोळ्यांचं वेळेचं गणित बघा. एकटी बाई नव्वद पोळ्या लाटून-भाजून दीड-दोन तासांच्या आत देत नाही. सव्वाला ताटं हवीत तर साडेअकराला तवा तापलेला हवा, किंवा दोघीजणी लावा. गरम पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात रचल्या की वाफ धरून तळच्या दहा-पंधरा चिकट होतात. खाली सुती कापड, वर कापड आणि झाकण किंचित तिरकं. भाकर ठेवायची हौस असेल तर हिवाळ्यात, मोजक्या लोकांत आणि चूल हॉलला लागून असेल तरच. ज्वारीची भाकर अर्ध्या तासाने चामड्यासारखी होते.

विदर्भातल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी पाटवडी किंवा गोळाभात लागतो. पाटवडीला पंचवीस जणांमागे बेसन सव्वा किलो. वड्या रस्स्यात आधी सोडून ठेवू नका. त्या रस्सा पितात, फुगतात, गंज (पातेलं) उघडेपर्यंत वर नुसतं पिठलं दिसतं. वड्यांची परात वेगळी, उकळता रस्सा वेगळा, ताटात एकत्र. गोळाभात करायचा तर तांदूळ अडीच किलो आणि हरभऱ्याच्या डाळीचा भरडा दीड किलो. वरून घालायचं फोडणीचं तेल ६०० ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त तेल घातलं की वक्ता उभा राहायच्या आत मागची रांग झोपते. तर्रीचंही तेच. आचाऱ्याला 'तर्री कमी' असं सांगून भागत नाही, तेलाचं माप आपण मोजून द्या.

रोडगे आणि वांग्याची भाजी मागणारे नेहमी असतात. गोवऱ्यांवर भाजायचा, कुस्करून तूप घालून बसून खायचा तो प्रकार आहे. तासाच्या सभेत बसत नाही. तो शेतातल्या वार्षिक सहलीला ठेवा.

चतुर्थी, एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र हे वार कॅलेंडरवर बघून उपवासाची ताटं वेगळी विचारा. पाच-सहा उपवासाचे असतील तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. कांदा-लसूण न खाणारे असतील तर वरण फोडणीशिवाय बाजूला काढायला सांगा, त्यावर त्यांचं जेवण होतं. मधुमेही सदस्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, भाताआधी पोळी-भाजी मिळाली की पुरे.

आचाऱ्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का ते विचारा आणि तिची प्रत फाइलला लावा. सिलिंडर त्याचंच १९ किलोचं व्यावसायिक असावं. कुणा सदस्याच्या घरचा लाल सिलिंडर हॉलवर आणू नका. भात आणि वरण सकाळी नऊला शिजवून दीडला वाढू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर चार तास कोमट राहिलेला भात आंबतो, आणि त्याच्या आधी तो पोट बिघडवतो. भात बाराच्या पुढेच चढवायचा.

५. आधी जेवण, मग सभा

या प्रश्नावर क्लबा-क्लबांत वाद असतो. जेवण शेवटी ठेवणाऱ्यांचं म्हणणं, नाहीतर लोक जेवून पळतात. पण जेवण शेवटी ठेवलं की लोक जेवणाच्या वेळेलाच उगवतात. वक्ता रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलतो, लांबतो, पोळ्या गार होतात, आणि तास दीड तासावर जातो. जेवण आधीच ठेवा. पळण्यावर उपाय वेगळा आहे, खाली सांगितला आहे.

चालणारं वेळापत्रक असं:

- १.१५ ते १.४०: येईल तसं जेवण. अध्यक्षांची वाट बघायची नाही.
- १.४०: घंटा. ताटं उचललेली, हात धुतलेले.
- १.४० ते १.५०: प्रार्थना किंवा क्लबची प्रतिज्ञा, पाहुण्यांची ओळख, सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवस.
- १.५० ते २.०८: वक्ता.
- २.०८ ते २.१३: प्रश्न.
- २.१३: आभार, मग राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं आहे.
- २.१५: समाप्तीची घंटा.

हजेरी वही जेवणाच्या टेबलावर ठेवायची नाही. ती १.५० ला, वक्ता सुरू होताना, पहिल्या रांगेतून फिरवा. जेवून निघून गेलेल्याचं नाव आपोआप राहतं. हाच तो उपाय.

पंगत बसवायचा मोह होईल. पंचवीस जणांच्या पंगतीला तीन वाढपी लागतात आणि आग्रहासकट पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. आपल्याकडे आग्रहाशिवाय वाढणं म्हणजे अपमान, हे खरं, पण 'घ्या ना एक पोळी, बाप्पा' हा संवाद पंचवीस वेळा झाला की वक्त्याचा वेळ गेला. उभ्याचं जेवण ठेवा आणि टेबल भिंतीला लावू नका. मध्ये ओढून दोन्ही बाजूंनी रांग सुरू करा. एका रांगेत प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी शेवटच्या माणसाच्या हातात ताट यायला बारा मिनिटं लागतात, दोन रांगांत सहा. ताटं एका टोकाला, पाणी आणि ग्लास पूर्ण वेगळ्या कोपऱ्यात. पाणी जेवणाच्या टेबलावर असलं की तिथेच घोळका होतो. वयस्कर सदस्यांसाठी चार खुर्च्या आणि एक टेबल राखून ठेवा, त्यांना ताट आणून द्या.

हे वाढण्याचं काम महिला सदस्यांकडे सरकत जातं, कुणी न सांगता. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये महिलांना सदस्यत्व खुलं केलं, ते पोळ्या वाढायला नव्हे. मदतीची पाळी आडनावांच्या अकारविल्हे लावा आणि भिंतीवर चिकटवा.

उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून मागच्या टेबलावर. त्याने वक्ता बोलत असताना मागेच बसून जेवावं, पण गंजात पळी वाजवायला जाऊ नये. म्हणून १.४० ला मोठी भांडी हॉलबाहेर जायलाच हवीत.

६. वक्ता

तीन महिन्यांचे वक्ते आधी ठरवा आणि दोन सदस्य राखीव ठेवा, जे आयत्या वेळी पंधरा मिनिटं आपल्या धंद्याबद्दल बोलू शकतील. असा राखीव कार्यक्रम बऱ्याचदा मुख्यपेक्षा चांगला होतो. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी कशी होते, गाठीचा भाव कशावर ठरतो, हे गावातल्या डॉक्टरला ठाऊक नसतं.

माणसं जवळच आहेत. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि त्याची संशोधन केंद्रं, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, वन विभागाचे परिक्षेत्र अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी. विषय हंगामाला जुळवा. गुलाबी बोंडअळीवरचं व्याख्यान डिसेंबरात ठेवून उपयोग नाही. जूनच्या मध्यात पेरलेल्या कपाशीला ऑगस्टच्या सुरुवातीला दीड महिना होतो, हेक्टरी पाच कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढणारे) लावायची वेळ तीच. तेव्हा बोलवा आणि सापळा हातात घेऊन यायला सांगा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर बोलणारा पूर्व विदर्भात कधीही चालतो, पण लग्नं जमायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, त्याचा खरा उपयोग. साधी विद्राव्यता चाचणी आणि नंतरची पक्की इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी यांतला फरक त्याने सांगितला तर शिबिराची आखणी तुम्हाला तिथेच करता येते.

वक्त्याला पाठवायच्या पत्रात या गोष्टी हव्यात: तारीख, हॉलचा पत्ता, १.१५ ला जेवण आणि १.५० ला भाषण, १८ मिनिटं, श्रोते कोण, प्रोजेक्टर आहे की नाही, न्यायला-सोडायला गाडी आहे की नाही. आणि शेवटी एक विनंती, 'आमच्या क्लबने करावं असं एक काम सांगा.' ही ओळ टाकली की भाषण आपोआप जमिनीवर येतं.

कोणाला बोलवू नये हेही ठरवा. रोटरी आणि लायन्स दोन्ही पक्षीय राजकारणापासून दूर राहतात. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असताना उमेदवार तर नाहीच, त्याचा 'सामाजिक कार्यकर्ता' म्हणून येणारा मेहुणाही नाही. विमा, जमिनीचे प्लॉट, साखळी पद्धतीची विक्री यांवर 'आर्थिक साक्षरता' शिकवायला येणारे पहिल्या पाच मिनिटांत फॉर्म काढतात. हो म्हणण्याआधी विषयाचे मुद्दे लेखी मागा.

ओळख तीन वाक्यांत: नाव, काम, आज काय सांगणार. पूर्ण परिचयपत्र वाचणाऱ्या सदस्याला पुन्हा ते काम देऊ नका. शाल-श्रीफळ-मोमेंटो यांची रांग लावण्यापेक्षा एक पुस्तक द्या. रोप द्यायचं तर जुलै ते सप्टेंबरमध्ये. मेमध्ये दिलेलं रोप वक्त्याच्या गाडीतच वाळतं. प्रवासखर्च देणार असाल तर पाकीट गाडीत बसताना द्या, सभेत नको.

वेळ संपत आली की खूण कोण करणार ते आधी ठरवा. रोटरीत हे काम सार्जंटचं, म्हणजे सभेची शिस्त बघणाऱ्या पदाधिकाऱ्याचं. पहिल्या रांगेतून 'दोन मिनिटं' लिहिलेला कागद दाखवायचा. चिठ्ठी नेऊन देऊ नका, वक्ता ती मोठ्याने वाचतो.

७. पैसे

जेवणाचे पैसे आणि सेवेचे पैसे कधीही एकत्र करू नका. लोकांकडून शिबिरासाठी, सायकल वाटपासाठी आलेला पैसा जेवणाला, हॉलभाड्याला लागत नाही. लायन्समध्ये प्रशासकीय आणि सेवा अशी दोन खाती वेगळी ठेवायची पद्धत आहे, रोटरी क्लबांनीही तसंच करावं. एकाच खात्यात सगळं टाकलं की मार्चमध्ये ऑडिटर विचारतो आणि कोणालाच काही आठवत नाही.

ताटाचे पैसे दर सभेला रोख गोळा करणं त्रासाचं. सुटे नसतात, 'पुढच्या वेळी देतो' होतं, आणि सेक्रेटरी वर्षभर उधारीची वही सांभाळतो. तीन महिन्यांचं जेवण आगाऊ घ्या, पाहुण्याचं ताट ज्याने आणलं त्याच्या नावावर. वक्त्याचं आणि ड्रायव्हरचं ताट क्लबचं. ड्रायव्हरचं ताट हटकून विसरलं जातं. तो बाहेर गाडीत उपाशी बसतो आणि गावभर ते कळतं.

आनंदाची बातमी सांगून पैसे टाकायचा डबा, उशिरा येण्याचा दंड, लायन्समध्ये टेल ट्विस्टरची (गमतीने दंड लावणाऱ्या पदाधिकाऱ्याची) गंमत, हे सगळं दोन मिनिटांत आणि दहा-वीस रुपयांत राहू द्या. दंड लावताना माणसाच्या धंद्याची, कर्जाची, पोराच्या निकालाची थट्टा नको. छोट्या गावात ती सभेच्या दाराबाहेर जाते.

८. नोंद

इतिवृत्त एका पानाचं. तारीख, हजर सदस्य आणि पाहुणे, वक्ता व विषय, घेतलेले निर्णय, कोणी काय कधीपर्यंत करायचं. भाषणाचा सारांश चार ओळी. पैशाचा निर्णय घ्यायचा असेल तर आधी गणपूर्ती मोजा. रोटरीच्या नमुना उपविधींप्रमाणे ती सदस्यसंख्येच्या एकतृतीयांश. जेवणाच्या गडबडीत 'सगळ्यांचं हो' म्हणून घेतलेला ठराव नंतर टिकत नाही.

जवळ ठेवायचं सामान आणि कागद

एका पत्र्याच्या पेटीत: घंटा आणि हातोडी, अध्यक्षांची कॉलर, हजेरी वही, पावती पुस्तक, राष्ट्रगीत भरलेला पेनड्राइव्ह आणि फोनमध्ये दुसरी प्रत, माईकसाठी जादा सेल, एक्स्टेन्शन बोर्ड, मार्कर, चिकटपट्टी, हात पुसायचे चार पंचे, प्रथमोपचार. एका फाइलमध्ये: क्लबचं चार्टर (मान्यतापत्र) आणि उपविधी, पॅनची प्रत, दोन्ही खात्यांची पासबुकं, हॉलचं परवानगीपत्र, आचाऱ्याशी दराचा लेखी करार आणि त्याच्या नोंदणीची प्रत, वर्षाचं वेळापत्रक. पेटी कुणा एकाच्या घरी ठेवू नका, तो गावाला गेला की घंटाही गेली. हॉलच्या जवळच्या दुकानदार सदस्याकडे ठेवा आणि किल्ल्या दोन करा.

९. सभा संपल्यावरची पंधरा मिनिटं

वक्त्याला गाडीपर्यंत सोडायला अध्यक्ष जातील, तुम्ही हॉलमध्येच थांबा. उरलेलं अन्न दोन भागांत करा. भांड्यातलं, हात न लागलेलं जवळच्या वसतिगृहाला, तेही तीनच्या आत आणि फोन करून. ताटांतलं उष्टं वेगळं, जनावरांसाठी न्यायचं असेल तर लिंबाच्या साली आणि प्लास्टिक काढून. बिछायतवाल्याची ताटं आणि चमचे त्याच्या पोरासमोर मोजा. दोन दिवसांनी मोजलं की चार चमचे हमखास कमी भरतात आणि ते तुमच्या बिलात येतात. गॅसचा नॉब आणि कुलरची पिन स्वतः बघा. उठलेल्या ताटांचा आकडा वहीत टाका, त्याच आकड्यावर आचाऱ्याची सही घ्या, आणि तो जायच्या आत पुढच्या आठवड्याची भाजी सांगून टाका.